उलटी पट्टी

मलमकाकांनी दवाखान्याचं काचेचं दार ढकललं आणि काचेवर त्यांची पाचही बोटं उमटली. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दार त्यांनी सकाळीच पुसून घेतलं होतं.

"वहिनी आहेत का?" काकांनी विचारलं.

बॉक्सिंगच्या दुनियेत हा माणूस मलमकाका म्हणूनच ओळखला जाई. राउंड संपून लढणारा स्टुलावर येऊन बसला, की त्याची फुटलेली भुवई दाबून धरायची, मलम थापून रक्त थांबवायचं आणि घंटा व्हायच्या आत त्याला परत उभा करायचा, हे त्यांचं काम. मलमाचा गोळा मनगटावर कायम तयार असे. सवय इतकी अंगात मुरलेली, की सामना नसला तरी त्यांचे हात तेलकट ते तेलकटच.

डॉक्टर दातांचे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांच्या वहिनींचं ऑफिस होतं. वहिनींनी अर्धं आयुष्य विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात घालवलं होतं. आता त्या खाजगी तपास करत. यजमान बोटीवर नोकरीला, त्यामुळे त्यांच्याबरोबर हिंडायचं काम आपसूक धाकट्या दिराकडे आलेलं. आपण नसतो तर वहिनींचं कसं झालं असतं, असं डॉक्टरांना मनापासून वाटे.

"वहिनी कामात आहेत," डॉक्टर उठलेही नाहीत. "आणि स्पष्टच सांगतो. पोलादच्या पाण्यात औषध कालवणाऱ्या माणसाने ही पायरी चढायची नाही. तीस वर्षं त्याच धंद्याचं अन्न खाल्लंत, थोडी तरी लाज बाळगायची होती."

बाकावर तीन पेशंट बसले होते. तिघांनीही माना वर केल्या. काकांचा चेहरा उतरला. ते दारातच उभे राहिले.

"भावजी, त्यांना आत पाठवा," मागून वहिनींचा आवाज आला. "आणि तुम्हीही या."

प्रकरण सगळ्या शहराला पाठ होतं. पोलाद हा जगज्जेता. मागच्या शनिवारी जगज्जेतेपदाच्या पट्ट्यासाठी आव्हानवीराशी सामना झाला आणि दुसऱ्याच राउंडमध्ये एका साध्या ठोशाने तो आडवा झाला. सामन्यानंतर काकांच्या पेटीत पाण्याची अर्धी बाटली सापडली. त्या पाण्यात झोपेचं औषध निघालं. परवा बॉक्सिंग बोर्डापुढे सुनावणी होती. काकांचा परवाना जाणार हे जवळपास ठरलेलंच होतं.

"परवान्याचं एक वेळ जाऊ द्या," काका म्हणाले. "पण ज्या पोरांच्या तोंडावरून मी हात फिरवला, ती पोरं उद्या मला बघून तोंड फिरवतील. ते मला सोसायचं नाही, वहिनी."

"पाणी देण्याचं काम कुणाचं?"

"माझंच. बाटल्या मीच भरतो. बुचाला कुणी हात लावू नये म्हणून तोंडाभोवती चिकटपट्टीही मीच गुंडाळतो. स्टुलावर बसल्यावर बुचातल्या नळीने पाजतो."

"सामना संपल्यावर पेटी कुठे होती?"

"कोपऱ्यातच राहिली. मी पोलादला खांद्यावर घेऊन खोलीत गेलो. पेटी मागाहून दादाने आणली." दादा म्हणजे पोलादचा सख्खा मोठा भाऊ आणि उस्ताद. "मग पोलाद म्हणाला म्हणे, की पाणी कडू लागलं. तसं दादाने बोर्डाच्या माणसाला सांगितलं आणि पेटी उघडली."

"पोलादचं रक्त तपासलं?"

"दादाने नाही घेऊ दिलं. म्हणाला, औषधाचा अंमल आहे, आधी झोपू द्या. इस्पितळातही नाही नेलं."

वहिनींनी टेबलावरची रिकामी बाटली आणि औषधपेटीतली चिकटपट्टी काकांपुढे सरकवली. "कशी गुंडाळता, दाखवा."

काकांनी बाटली डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताने पट्टी भराभर गुंडाळून दाखवली. बाटली टेबलावर उभी राहिली तेव्हा पट्टीचं सुटं टोक उजवीकडे वळलेलं होतं. बाटली, बूच, पट्टी, सगळं मलमाने बरबटलं होतं. डॉक्टरांनी नाक मुरडलं.

काका गेल्यावर डॉक्टरांनी आपलं ज्ञान उघडं केलं. "वहिनी, हा सामना मी किती वेळा पाहिलाय, विचारू नका. पहिल्या राउंडमध्ये पोलादचीच हवा होती. घंटा झाल्यावर काय केलं ठाऊक आहे? आपल्या कोपऱ्यात न जाता सरळ आव्हानवीराच्या कोपऱ्यात गेला! त्याच्या स्टुलापाशी जाऊन उभा! काय मिजास! शेवटी काकांनी दंडाला धरून परत आणला. असा माणूस पुढच्या राउंडमध्ये ढेपाळतो म्हणजे पाण्यातच काहीतरी असणार, नाही का?"

"असं केलं त्याने?" वहिनी म्हणाल्या.

"राजा माणूस! आणि हे पाहिलंत का?" डॉक्टर त्यांना बाहेरच्या काचेच्या कपाटापाशी घेऊन गेले. आत मखमलीवर दातांवर चढवायचं एक फाटकं रबरी माउथगार्ड मांडलेलं होतं. "त्याचंच. सामन्याच्या आदल्या आठवड्यात नवं करून घ्यायला आला, ते जुनं मी मागून घेतलं. उजव्या दाढेकडे आरपार फाटलंय. दाढेचाही टवका उडाला होता. सरावात दात आवळून धरतो ना! जबड्यात केवढी ताकद असेल!"

"तुमच्याशी काय बोलला?"

"मोठी माणसं फार बोलत नाहीत. काळा चष्मा लावून आला आणि शेवटपर्यंत काढला नाही. ऐट असते एकेकाची. खुर्चीवरचा दिवासुद्धा मालवायला लावला."

वहिनी बराच वेळ कपाटापाशी उभ्या राहिल्या. मग पर्स उचलून म्हणाल्या, "चला."

बोर्डाच्या कचेरीत बाटली पारदर्शक पिशवीत ठेवलेली होती. कारकुनाने ती लांबूनच दाखवली. वहिनींनी चष्मा पुसला आणि पिशवी उजेडाकडे धरायला सांगितली.

"भावजी, तुमची नजर तयार आहे. काय दिसतं?"

"काय दिसायचं? बाटली. स्वच्छ आहे, एक डागसुद्धा नाही. पट्टी नीट गुंडाळलेली, टोक डावीकडे." मग डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "थंड डोक्याने केलंय. कसलीही गडबड नाही."

"बरोबर पाहिलंत," वहिनी म्हणाल्या. डॉक्टर खूश झाले.

तिथून ते शेठकडे गेले. पोलादचे सगळे सामने शेठ भरवत. भिंतीवर नव्या पोस्टरचा नमुना टांगला होता. पोलाद आणि आव्हानवीर नाकाला नाक लावून उभे होते आणि खाली 'पुन्हा एकदा' असं लिहिलं होतं.

"सुनावणीच्या आधीच?" वहिनींनी विचारलं.

"मॅडम, औषध शाबित झालं की निकाल रद्द. निकाल रद्द झाला की महिन्याभरात पुन्हा सामना. हॉल आत्ताच धरला नाही तर मिळेल कसा?" शेठ हसले. "लोक म्हणतात मीच काकांकडून करवून घेतलं. अहो, मी सामनाभर पहिल्या रांगेत पाहुण्यांत होतो आणि नंतर कॅमेऱ्यांपुढे. कोपऱ्याकडे फिरकलोसुद्धा नाही."

"तयारी कशी झाली होती त्याची?"

"ते दादाला विचारा. शेवटच्या पंधरवड्यात त्याने तालीमखान्याचं शटरच ओढून घेतलं. सरावाचे साथीदारही घरी पाठवले. म्हणे, गुपित डावपेच. दोघं भाऊ आत, बाकी सगळे बाहेर. मी एवढा शेठ, पण मलाही दारातून परत पाठवलं."

डॉक्टरांनी बाहेर आल्यावर निकाल देऊन टाकला. "शेठ! हसणं पाहिलंत ना? काकांना हाताशी धरून यानेच घडवून आणलं."

"सकाळी नुसते काका होते," वहिनी म्हणाल्या. "तुमची प्रगती आहे."

तालीमखान्यात घामाचा आणि जुन्या चामड्याचा वास कोंडला होता. दादा एका पोराच्या हाताला पट्ट्या बांधत होता. सगळं काम डाव्या हाताने चाललं होतं, तेही जपून, कारण त्या हाताच्या करंगळीमागचं हाड सुजलेलं होतं आणि त्याभोवती फडकं होतं.

"हाताला काय झालं?" डॉक्टरांनी आपुलकीने विचारलं.

"कपाटाच्या दारात सापडला." दादाने वर पाहिलं नाही. "काकांनी तुम्हाला धाडलं का? माझा काही राग नाही त्यांच्यावर. म्हातारा माणूस, कुणीतरी भरीस पाडलं असेल. आम्हाला फक्त आमचा पट्टा परत हवा. पोलादला लहानपणापासून मी वाढवलाय, बाई. आईबाप गेले तेव्हा तो एवढासा होता."

"खरं आहे," वहिनी म्हणाल्या. मग पर्समधून पाण्याची बाटली काढून त्या कानकोंड्या झाल्या. "एक काम होतं. ही मेली गळते सारखी. तेवढी चिकटपट्टी लावून द्याल?"

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जगज्जेत्याच्या उस्तादाला बाटली गळते म्हणून सांगायचं! पण दादाने मुकाट्याने पट्टी गुंडाळून दिली.

पोलाद आतल्या खोलीत होता. खिडकीवर चादर ठोकलेली, दिवा बंद. अंधारात बसलेला तो भला मोठा माणूस डॉक्टरांना पाहून उठला आणि उठताना त्याने भिंतीचा आधार घेतला.

"डॉक्टर! नवं माउथगार्ड मस्त बसलं हो."

डॉक्टरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"पाणी कडू लागलं होतं?" वहिनींनी मऊ आवाजात विचारलं.

"दादा म्हणतो, लागलं होतं." पोलादने कपाळ चोळलं. "मला नीट आठवत नाही. काका कसे आहेत? त्यांना काही करू नका म्हणावं." थोडं थांबून तो डॉक्टरांकडे वळला. "नवं माउथगार्ड मस्त बसलं हो, डॉक्टर."

डॉक्टर पुन्हा खूश झाले. रस्त्याला लागल्यावर त्यांनी वहिनींना ऐकवलंसुद्धा. "दोनदा म्हणाला, पाहिलंत? मनापासून आवडलंय त्याला."

वहिनींनी डोळे टिपले. डोळ्यांत पाणी आलेल्या वहिनी डॉक्टरांनी तोवर कधी पाहिल्या नव्हत्या. ऊन लागलं असेल असं समजून त्यांनी रिक्षा बोलावली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनींनी चौघांना दवाखान्यात बोलावलं. बाकावर शेठ आणि काका दोन टोकांना बसले. पोलाद काळा चष्मा लावून मधे बसला आणि दादा त्याच्यामागे उभा राहिला. टेबलावर दोन बाटल्या होत्या.

"पाण्यात औषध होतं, यात शंका नाही," वहिनींनी सुरुवात केली. "पण ते पाणी पोलाद प्यायलाच नाही."

शेठ सावरून बसले.

"ही बाटली काकांनी माझ्यासमोर बांधली. हात लावून बघा, कशी बुळबुळीत आहे. साध्या बसल्या जागी ही गत, तर सामना चालू असताना, मनगटावर मलमाचा गोळा असताना काय झालं असतं? बोर्डाकडची बाटली मात्र लख्ख आहे. भावजींनीच मला सांगितलं, एक डागसुद्धा नाही. काकांनी त्या बाटलीला हात लावलेलाच नाही."

"पुसून ठेवली असेल," दादा म्हणाला.

"पुसता येते. पण पट्टीचं काय? काका उजव्या हाताने गुंडाळतात. टोक उजवीकडे येतं. बोर्डाकडच्या बाटलीचं टोक डावीकडे आहे. उलटी पट्टी. डावखुऱ्या माणसाची." वहिनींनी दुसरी बाटली पुढे केली. "ही माझी गळकी बाटली. तुम्ही बांधून दिलीत, दादा. टोक कुठे आहे, तुम्हीच सांगा."

दादाने बाटलीकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"पेटी रिंगमधून तुम्ही आणलीत. काकांची बाटली काढून ही ठेवायला तेवढा वेळ पुरेसा होता. रक्त तुम्ही घेऊ दिलं नाहीत, कारण रक्तात काहीच निघालं नसतं."

"पण का?" शेठ ओरडले. "स्वतःच्या भावाच्या सामन्यात?"

"सामन्यात नाही, शेठ. सामना हरल्यावर. तो का हरला हे कुणाला कळू नये म्हणून." वहिनींनी आवाज उतरवला. "पहिला राउंड संपल्यावर पोलाद आव्हानवीराच्या कोपऱ्यात गेला. लोकांना ती मिजास वाटली. अहो, त्याला आपला कोपरा सापडला नाही! त्या बाटलीतलं पाणी तर स्टुलावर बसल्यावर मिळणार होतं. एक थेंब पोटात जायच्या आधी हा माणूस चुकला होता. त्याच्या डोक्याला मार सामन्याच्या आधीच बसला होता."

काकांनी वळून पोलादकडे पाहिलं.

"आठवडाभर आधी तो इथे आला. उजेड सोसवत नाही म्हणून काळा चष्मा, म्हणून दिवा बंद. काल त्याने एकच वाक्य दोनदा सांगितलं, पहिलं सांगितल्याचं त्याला आठवतच नव्हतं. आणि ते माउथगार्ड. दात आवळून रबर झिजतं, भावजी, पण आरपार फाटून दाढेचा टवका उडत नाही. तो ठोसा होता. जबड्याच्या उजव्या बाजूला, हेडगार्ड नसताना, ताकदीने मारलेला."

डॉक्टरांनी कपाटाकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. मखमल त्यांनी स्वतः पसंत करून आणली होती.

"समोर उभ्या माणसाच्या डाव्या हाताचा ठोसा उजव्या जबड्यावर बसतो. शटर बंद होतं, साथीदार घरी होते, आत दोनच माणसं होती. दारात सापडलेला हात बोटांवर चेचतो. करंगळीमागचं हाड सुजतं ते ठोसा मारून. दादा, आता तुम्ही सांगता का?"

दादा मटकन खाली बसला. इतका वेळ ताठ असलेला माणूस बघता बघता म्हातारा दिसायला लागला.

"पोलाद म्हणाला, हा सामना झाला की मी बास करतो." दादा फरशीकडे बघत म्हणाला. "बास करतो! मी लग्न केलं नाही, घर केलं नाही, याच्यासाठी सगळं... माझं डोकं फिरलं. म्हटलं, घाल हातमोजे. हेडगार्ड मीच काढून फेकलं. मला वाटलं, तो चुकवेल. नेहमी चुकवतो. त्याने हात वरच केले नाहीत. तसाच उभा राहिला."

"मोठ्या भावावर हात कसा उगारू?" पोलाद हळूच म्हणाला.

"आणि तरी त्याला रिंगमध्ये उतरवलात," वहिनी म्हणाल्या.

"दोन दिवसांत बरा वाटला. सामना रद्द केला असता तर का, म्हणून विचारलं असतं. काय सांगणार होतो? जगज्जेत्याला त्याच्या भावाने झोपवला?" त्याने तोंड झाकून घेतलं. "काका, मी तुमच्या नजरेला नजर द्यायच्या लायकीचा राहिलो नाही."

शेठनी घसा खाकरला. "झालं ते झालं. हे इथल्या इथे मिटवता आलं तर... म्हणजे काकांना सोडवू, पण सामना..." बोलता बोलता त्यांची नजर पोलादवर गेली. तो दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता. शेठ आपल्या बुटांकडे पाहत बसले.

"महिन्याभरात पुन्हा असा ठोसा बसला असता, तर हा उठला नसता," वहिनी म्हणाल्या. "आता इथून उठायचं ते थेट इस्पितळात. डोक्याची तपासणी आज, सुनावणी उद्या."

"बोर्डाला मी सांगतो," दादा म्हणाला. "सगळं."

"दादा," पोलाद म्हणाला, "कुणाला सांगू नकोस असं मीच म्हणालो होतो. मला लाज वाटली होती. तेही सांग."

"ते नाही सांगणार," दादा म्हणाला आणि भावाला दंडाला धरून उठवलं.

ते गेल्यावर काका एकटेच बाकावर राहिले. त्या दिवशी इथे बसलेले तीन पेशंट शहरभर काय काय बोलले असतील, हे डॉक्टरांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांचे कान तापले.

"काका, मी तुम्हाला नको ते बोललो. चारचौघांत बोललो."

"हो," काका म्हणाले. "पण मी तरी काय मोठा? त्या रात्री त्याचं तोंड माझ्या दोन्ही हातांत होतं. मी भुवईच पाहत बसलो. डोळ्यांत पाहिलंच नाही."

दुसऱ्या दिवशी बोर्डापुढे दादाने ठरल्याप्रमाणे सगळं सांगितलं. पोलादच्या मेंदूजवळ रक्त साकळलं होतं, रात्रीच ऑपरेशन झालं होतं. तो वाचणार होता, लढणार नव्हता. काकांवरचा आरोप मागे घेण्यात आला. मग साक्षीसाठी डॉक्टरांना उभं केलं. वहिनींनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नव्हती. ते आपण होऊन आले होते आणि वर्तमानपत्रवाल्यांच्या देखत आले होते.

"हे माउथगार्ड तुमच्याकडे सामन्याच्या आधी आलं होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो."

"तुम्ही दातांचे डॉक्टर. फाटलेलं रबर, तुटलेली दाढ, उजेडाला भिणारा पेशंट. तुम्हाला यात काय दिसलं?"

थाप मारायला भरपूर वाव होता. गर्दी होती, दिवा बंद होता, पेशंट काही बोलला नाही. डॉक्टरांनी मागे पाहिलं. काका शेवटच्या रांगेत बसले होते आणि त्यांच्याकडेच बघत होते.

"पोलाद माझ्या दवाखान्यात आलाय," डॉक्टर म्हणाले, "एवढंच दिसलं."